तिसरी वेळ

कुताईसीच्या ग्रंथालयाचं तळघर.
हीटर फक्त घोट्यांपुरता तापतो.
जुन्या डिस्कवरून नवीवर उतरवल्या
बाबांच्या चारशे बारा फाईली
आणि सगळ्यांच्या अंगावर एकच तारीख चढली:
परवाचा मंगळवार.
गुरियातल्या म्हाताऱ्यांचं खुरपणीचं गाणं, मंगळवार.
लग्नातला आरडाओरडा, मंगळवार.
ज्या गावात आता कुणी राहत नाही
तिथली अंगाई, तीही.

खऱ्या तारखा बाबांच्या वहीत, जांभळ्या शाईत.
दहा ओळींचा पायथन लिहिला:
वहीतली तारीख घे, सेकंदांत मोड,
फाईलच्या कपाळी लिही.
यंत्राचं जग सुरू होतं सत्तरच्या एक जानेवारीला,
त्याआधीचं सगळं उणे.
उणे साडेएकोणीस कोटी सेकंदांवर
पोपिनो नावाची बाई
मक्याची कणसं सोलत गाते आहे.

‘घरचं’ या फोल्डरमधली एक फाईल
अजून हलवली नव्हती.
एतेरी, वय चार.
म्हणजे मी.
फाईल न उघडता तिची वेळ विचारता येते,
पाकीट न फोडता टपालाचा शिक्का वाचावा तशी.
विचारली.
शेवटचं वाचन: फेब्रुवारी, पहाटे चार बारा.

तेव्हा बाबांना ऐकू येणं थांबून
सात महिने झाले होते.

आता मी उघडली की
ते चार बारा पुसून तिथे आजचा दिवस बसणार.
परत लावताही येतं, एका ओळीचं काम,
दोन आकडे दिले की झालं.
पण एक तिसरी वेळ असते, यंत्र स्वतःकडे ठेवतं ती:
कुणीतरी हात लावला, एवढंच तिला ठाऊक.
तिच्याशी आपलं काही चालत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर
मी चार बारा लिहून ठेवलं. शाई निळी,
जांभळी मिळाली नाही.
मग स्पीकरची वायर काढली
आणि फाईल उघडली.

पडद्यावर हिरवी लाट सरकत गेली.
एक उंचवटा, दुसरा, तिसरा...
मी आकडे म्हणते आहे.
सातनंतर लांबच लांब सपाट रेघ.
आठ मला कधीच आठवत नसे.
त्या रेघेपाशी पडद्यावर
बोटाचा एक तेलकट ठसा होता,

म्हणजे, असावा.
हा पडदा नवीन आहे.