सहांचा सेट

रिझेच्या वरच्या अंगाला, जिथे चहाचे मळे
ढगात शिरून दिसेनासे होतात,
तिथे आईने एक्केचाळीस वर्षं कात्री चालवली.
कात्रीला पिशवी, पिशवीत पाला,
संध्याकाळी वजनकाट्यावर हुज्जत.
आता तोच अंगठा
साखरेचा खडा उचलताना विचारात पडतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
बिन्नाजची मूठ झाकतच नाही.
बोटं तळव्याच्या अलीकडेच थांबतात,
दारात चपला काढून
ताटकळलेल्या पाहुण्यांसारखी.

नुरशेनने डॉर्टमुंडहून चमचा पाठवला,
रबरी मुठीचा, राखाडी, सोबत चार भाषांतलं माहितीपत्रक.
आईने तो उलटासुलटा केला,
म्हणाली, "दवाखान्याचा वास येतो,"
आणि कोंबड्यांच्या दाण्यात रोवून ठेवला.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
माझ्या हातांना डिझेलचा वास, त्याला ती सरावलेली.
म्हणून घरचाच चमचा घेतला, तिच्या लग्नातला,
दांड्यावर सायकलच्या हँडलचं कव्हर चढवलं.
"यावर बसून त्राब्झोनला जाऊ का?"
पण त्या दिवशी कोबीचं सूप संपलं,
टेबलावर सांडला एकच थेंब.

मग मला चेव चढला.
ताटलीच्या कडेला इंधनाची नळी उभी चिरून बसवली
(कोरी, न वापरलेली, तिने तीनदा विचारून घेतलं),
म्हणजे राजमा कडेवरून पळत नाही,
चमच्याला टेकायला भिंत मिळते.
ताटलीखाली ओलं फडकं, नाहीतर जेवण
घासागणिक सरकत
बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे जायचं.

अडलं ते चहापाशी.
आमच्या चहाच्या ग्लासाला कान नसतो.
कंबर बारीक, ओठ गरम,
दोन बोटांच्या चिमटीत काठाला धरायचा.
आणि गेली होती ती नेमकी चिमूटच.
दोन कानांचा मग आणला. तिने आत डोकावून पाहिलं.
"रंग कुठाय?"
खरंच. चहा सशाच्या रक्तासारखा लाल हवा,
आणि लाल आहे हे बाहेरून दिसायला हवं,
नाहीतर ते औषध.

तीन रात्री गॅरेजच्या बल्बखाली तांब्याची तार वाकवली.
शेजारचा इद्रिस म्हणायचा, "सोड रे, स्ट्रॉ दे तिला."
इद्रिसला आई नाही, म्हणून बोललो नाही काही.
ग्लासभोवती पिंजरा, दोन्ही बाजूंना रुंद कान,
चारही बोटं आरपार जातील असे,
कानांना जाळ्याची दोरी गुंडाळलेली, चटका नको.
धरायचं काही नाही. नुसतं अडकवायचं.

तिने ग्लास उचलला. ओठांपर्यंत.
मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हणजे बघत नव्हतो.
खाली ठेवून म्हणाली, "आणखी पाच कर."
"पाच कशाला?"
"एकच केलास तर ते दुखणं.
सहा केलेस तर तो सेट."

आता शुक्रवारी बायका येतात, विचारतात कुठून आणले.
"मुलगा करतो," ती म्हणते, जणू मी सोनारच.
खालच्या गल्लीतल्या हवानुरने दोन मागितले, "शोभेला."
तिचा हात मी टेबलाखाली पाहिला होता.
किंमत सांगितली नाही.

एकच गोष्ट बिघडली.
चहा पुरे, हे आमच्याकडे तोंडाने सांगत नाहीत,
चमचा ग्लासावर आडवा ठेवतात.
तो इवलासा चमचाही मी जाड करून ठेवलाय,
काठावर टिकत नाही, गडगडतो,
बशीत पडतो.
ती पुन्हा ठेवते. पुन्हा पडतो.
आणि रीत ती रीत,
मी किटली उचलतो.
"पुरे म्हणतेय ना," ती ओरडते,
चारही बोटं तारेत अडकवून
ग्लास पुढे करत.