बी शिफ्टचा गोलकीपर

आमची टीम कोच ठरवत नाही.
कुंडईच्या कारखान्यात, टाइम ऑफिसच्या काचेआड
दर शनिवारी एक कागद लागतो, तो ठरवतो.
सगुण ए, इनास आणि मी बी, दोघे वेलिंगकर सी.
प्रेमानंद कदंबावर कंडक्टर, त्याची ड्यूटी
म्हाळसेलाही ठाऊक नसते.
अकराचे आम्ही आठ भरतो. कधी सहा.

मी गोलात. एकेकाळी तालुक्याकडून खेळलोय,
हे आता मीच सांगतो, कोणी विचारत नाही.
दोन ते दहा
गोळ्यांच्या पट्ट्यांवर डोळा लावून उभा:
चंदेरी पट्टी, दहा खोबणी, दहा गोळ्या,
चंदेरी पट्टी, दहा खोबणी, नऊ—
हात आपसूक जातो. डावीकडे, खाली.
सुपरवायझर म्हणतो, नजर चांगली आहे तुझी.
ती कुठे शिकली, मी सांगत नाही.

कापणी झाली की कायतानचं शेत आमचं.
तो बोटीवर; तिथून निरोप पाठवतो,
खेळा, पण आळसांद्यांचा कोपरा सोडून.
चेंडू नेमका तिथेच जातो.

रात्री साडेदहाला दोन मोटरसायकली बांधावर,
हेडलाइट गोलाच्या तोंडाशी.
एक खांब पोफळीचा, दुसरा इनासचं हेल्मेट.
उजेडाबाहेर गेला की चेंडू नसतोच.
धसकटं करकरतात, कुणाला तरी धाप लागलेली,
आणि एकदम समोर.

मागच्या रविवारी म्हार्दोळच्या पोरांशी सामना होता.
शनिवारी विचारणा आली: ओव्हरटाइम, दुप्पट.
मुलीच्या दातांची तार, सातवा हप्ता.
हो म्हटलं. लिहिताना लाज वाटतेय,
तेव्हा वाटली नव्हती.
गोलात सगुणचा मुलगा उभा राहिला, आठवीतला,
माझे हातमोजे घालून.
कँटीनमध्ये भाजी-पाव खाताना फोनवर आकडा आला.
पाच-शून्य.
त्याखाली, थोड्या वेळानं:
पोरानं एक अडवला पण. डावीकडचा. खालचा.
पाव चहात बुडवून तसाच धरून बसलो,
तो तुटून पडेपर्यंत.

हातमोजे परत मिळालेत. त्याच्या आईनं धुतलेले,
इतके स्वच्छ की चेंडू निसटतो.
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ घेऊन
मी दोन दिव्यांच्या मधोमध उभा.
अंधारातून इनास ओरडतो,
‘आयतारा आसा मरे तूं?’

कागद मी अजून पाहिलेला नाही.

‘मार रे,’ म्हणतो, ‘आधी चेंडू मार.’