आगु

हिप्परग्याच्या तलावावर सकाळी सव्वासहाला
मी मल्लेशाम गज्जमांच्या काठीला
काळ्या चिकटपट्टीनं सेन्सर बांधला.
काडेपेटीहून लहान. एकवीस ग्रॅम.
"इथल्या माशालाबी एवढं वजन नसतंय, पोरी,"
म्हणाले, आणि काठी एका बोटावर तोलली.

चौतीस वर्षं जॉबर, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
कान अर्धे मागावरच राहिले,
म्हणून बोलतात मोठ्यानं, ऐकतात ओठांकडं बघून.
काठी मंगळवार बाजारातली,
जुन्या छत्र्यांच्या ढिगातून साठ रुपयांना.
माशी मात्र घरची:
चादरीच्या दशीचा लाल धागा, कोंबड्याचं एक पीस,
आणि गाठ अशी की मला सुईनंही सुटली नाही.
माशाला माशी, तीही खोटी.
"खोटं हाय म्हणून तर नीट टाकायला लागतंय."

आधी मी टाकून बघितलं.
दोरा माझ्याच ओढणीत.
पडद्यावर रेषा अशी, जशी कुणी पळत्या रिक्षात सही केली.
"आगु," ते ओरडले.
तेलुगूत: थांब.
"मागचं मागं पुरतं जाऊ दे की.
अर्ध्यात वळवलंस की गाठच पडती."

मग त्यांनी टाकलं.
सेकंदाला दोनशे वेळा यंत्र विचारत होतं, कुठं आहेस,
आणि मनगट दर वेळी नवं उत्तर देत होतं.
चढ सावकाश, जणू घाई नाहीच,
मग तीनशे दहा अंश,
आणि लगेच कडा.
सेकंदाच्या दहाव्या हिश्शात शून्य.
दोऱ्याचा फास हवेत उलगडत गेला
आणि माशी पाण्यावर टेकली, तरंग न उठवता.

मी विचारलं, जोर कुठून लावता?
"जोर न्हाई. काठी थांबती, तवा धोटा सुटतो.
थांबलीच न्हाई तर धोटा जाणार कुठं?"
वहीत मी लिहिलं: कोनीय मंदन.
खाली कंसात: धोटा.

मासा त्या दिवशी एकही लागला नाही.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, उपयोग काय?
आमचे सर म्हणाले, क्रिकेटची बॅट घेतली असती तर.
पन्नासपैकी एकतीस.
मी तक्ता गुंडाळून मल्लेशाममामांना नेऊन दिला.
त्यांनी तो फरशीवर पसरला, चारी कोपऱ्यांना चार बॉबिनी ठेवल्या.
"ह्याला काय म्हणता तुम्ही?"
ग्राफ.
"आमीबी ग्राफच म्हणतो," ते हसले,
आणि चौकटी मोजायला लागले,
बोट ओलं करत, तेलुगूत.

दोन महिन्यांनी फोन. तलावावर ये.
बांधावर चादर उघडली त्यांनी, भाच्यानं कार्डं मारून दिलेली.
तांबड्यात पांढरा डोंगर: मागची फेक.
पांढऱ्यात तांबडी दरी: पुढची.
माझे तीनशे दहा अंश, सुती, कडक, खळीचा वास येणारे.
"आता पालथी घाल."
घातली.
रंग उलटले. मागचं पुढचं झालं.
मी किती वेळ पालटत बसले कोण जाणे.

फक्त मधे, दोन्ही फेकींच्या मधे,
जिथं माझ्या तक्त्यात सपाट रेषा होती, शून्य पूर्णांक आठ सेकंदांची,
तिथं त्यांनी बाणा घातलाच नव्हता.
दोन बोटं रुंद, नुसता ताणा.
चूक झाली का, मी विचारलं, ओठ नीट हलवून.
ते काही बोलले नाहीत.
चादर दोन्ही हातांनी उजेडापुढं धरली.
उभ्या धाग्यांतून पलीकडचं पाणी दिसलं,
पाण्यावर एक चिलापी उडाली, परत पडली.

काठी दगडाला टेकून होती.
सेन्सरचा हिरवा दिवा लुकलुकत होता,
बंद करायचा राहिलेला.
सेकंदाला दोनशे वेळा,
काठी हलत नव्हती ते मोजत.