संप कुठे ठेवायचा

जळगावच्या एका बंद झालेल्या दवाखान्यातून
चार फुटी काच आणली, दातांच्या डॉक्टरची.
एका कोपऱ्याला अजून लवंगेच्या तेलाचा वास.
सोबत दुसरी, बुटकी, तीन कप्प्यांची टाकी :
वरचं पाणी हिच्यात उतरणार, स्पंजातून गाळलं जाणार,
गोट्यांमध्ये जरा रेंगाळणार
आणि पंपाच्या पाठीवर बसून परत वर.
हिला संप म्हणतात, मी दादांना सांगितलं.

दादांनी पेपरवरून पाहिलं.
"संप ठेवत नाहीत, करतात.
चौऱ्याहत्तरला आम्ही केला होता."
आणि पुन्हा पेपरात गेले.

गॅलरीत ठेवू?
भुसावळचा मे. गॅलरीतल्या बादलीत दुपारी
नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते.
मोरीपाशी?
तिथे दहा दिवसांचं पाणी राहतं,
पिंपं, कळश्या, कुकरचं भांडंसुद्धा.
माळ्यावर ठेवला तर पाणी आपलं आपण खाली येईल,
पण माळ्यावर आईचं शिलाई मशीन आहे,
सुईत अजून निळा दोरा.
भिंतीपलीकडे, पाइपापुरतं भोक पाडून?
घरमालक फालक म्हणाले, पाडा की,
मग भिंतच घेऊन टाका विकत.

उरलं टाकीचं पोट, स्टँडखालचं कपाट,
म्हणजे दादांची खोली,
त्यांच्या उशीपासून दोन हात.

कूलर दुरुस्त करणारा हारून पिंजारी आला,
टेप काढायच्या आधी त्यानं कपाटात हात घातला, कोपरापर्यंत.
"टाकी आत जाईल ताई, पण हात फिरला पाहिजे.
स्पंज काय देव धुणार?"
मग एक फळी कापली. मग दारच काढलं.

नळ आला त्या दिवशी मी दोन्ही टाक्या भरल्या,
वरची काठोकाठ, खालचीही काठोकाठ.
आमच्याकडे रिकामं भांडं ठेवणं
म्हणजे पाहुण्याला उभं ठेवणं.

रात्री दोनला लाइट गेली.
पंप थांबला, वरचं पाणी थांबलं नाही.
मी धावले तेव्हा दादा पलंगावर पाय वर घेऊन,
हातात गार्डाची जुनी बॅटरी,
फरशीवर उजेड टाकत, चप्पल तरंगताना बघत.
दादा पारोळ्याकडचे, झोपेत अहिराणीच येते तोंडात :
"पानी आठेच ऊनं वं, माले भेटाले."

सकाळी ते जमिनीवर बसले, मांडी घालून, कितीतरी वर्षांनी.
"लाइट गेली की वरचं किती उतरतं?"
मोजलं. दोन बादल्या, वर एक तांब्या.
"मग तेवढी जागा मोकळी ठेव.
सगळ्या लाइनी भरून टाकल्यास
तर येणारी गाडी सिग्नलबाहेर उभी राहील.
एक लूप रिकामी लागते.
रिकामी म्हणजे फुकट नाही."
आणि लाल स्केचपेननं काचेवर रेघ मारली,
सरळ नाही आली. हात हलतो त्यांचा.

हारूननं परतीच्या पाइपाला पाण्यालगत बारीक छिद्र पाडलं.
हवा शिरली की ओढ तुटते, म्हणाला.
दादा त्या छिद्राकडे बराच वेळ बघत होते.

रेल्वेचं क्वार्टर सोडल्यापासून
या घरात त्यांना झोप नव्हती,
इथे रात्री काहीच जात नाही, म्हणायचे.
आता उशाशी पंप घुमतो, पाणी पडत राहतं,
ते घोरतात.
लाइट गेली की मात्र जागे होतात, आवाजानं नाही,
आवाज गेल्यानं.
अंधारातून विचारतात, "उतरलं का?"
उतरलं. काठाच्या बोटभर खाली येऊन थांबलंय.

नळ आला की मी अजून सगळं भरते,
पिंपं, कळश्या, कुकर.
मग या एका टाकीपाशी, त्या वाकड्या लाल रेघेपाशी
पाइप बाजूला घेते.
दर वेळी थोडं जिवावर येतं.