उलटी अक्षरं

कन्नड मला वाचता येतं, पण फक्त उलटं.
पॅटर्न उचलला की वाळूत जो ठसा उरतो
तो आरशातला असतो.
त्याची फुटकी कड छोट्या थापीनं सावरायची,
सुटी वाळू फुंकरीनं उडवायची.
तेवीस वर्षांत एवढं कळलं :
गोल अक्षर वाळूत टिकतं, कोपरा ढासळतो.
आमची शिरोरेघ किती वेळा ढासळली
हे मी मोर्चाला जाणाऱ्या मेहुण्याला
अजून सांगितलेलं नाही.

गेल्या साली उद्यमबागेत लाईट
दुपारची दोनदा जायची.
भट्टीत दीड टन लोखंड
बोलता बोलता गप्प व्हायचं.
गोठलं की छिन्नी घेऊन अस्तर फोडा.
आठवडा जायचा, आठवड्याचा पगारही.
मालक शिनोळीला शेड बघून आले.
"वीज स्वस्त आहे तिकडं," एवढंच म्हणाले
आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत राहिले.

भरमा म्हणाला, "बरंच की. आपल्या राज्यात जाऊ."
कोअरच्या खोलीतनं कलव्वा,
कोपरापर्यंत काळी, बाहेर डोकावली :
"पहिली बस किती वाजता सुटतंय रे
तुमच्या राज्याची?"

आम्ही एकसष्ट माणसं. सायकली चाळीस.
त्या दिवशी डबे कुणी धुतले नाहीत.

मग मच्छेच्या माळावर खांब आले.
तारांची रिळं, पुरुषभर उंच,
पोरं त्यावर चढून घसरायची.
सबस्टेशनची फीत कुणी कापली आठवत नाही,
शिऱ्यात केळं होतं ते आठवतं.
पाठोपाठ महापालिकेचा कागद आला :
नवं ड्रेनेज, झाकणं चार हजार,
गावातल्याच कारखान्यातून घ्यावीत
असं म्हणे वर कुणीतरी एक ओळ घातलीय.
कोण तो, माहीत नाही.
त्याच्या नखात वाळू गेली नसणार.
पण त्या एका ओळीवर
कलव्वाच्या सुनेचं बाळंतपण झालं,
भरमाच्या घरावर पत्रा चढला,
आणि शिनोळीचं नाव
मालकांच्या तोंडून गेलं.

आता दुसरी बाजू.
त्याच ड्रेनेजसाठी अनगोळात आमचा बोळ
सात महिने उकरून ठेवला.
बायकोच्या गिरणीला पायरी उरली नाही.
गिऱ्हाईक फळीवरून यायचं, डोक्यावर जोंधळ्याचा डबा,
एक म्हातारी आत पडली, डब्यासकट.
नंतर फळीही गेली.
बायको पट्टा उतरवून बसायची
आणि मी घरी आलो की अशी बघायची
जशी कुदळ माझ्याच हातात होती.
मी काय सांगणार?
खड्डा तुझा, पगार माझा,
दोन्ही एकाच बिलातले?

शेवटी डांबर पडलं. दारासमोर झाकण बसलं.
बघताक्षणी ओळखलं,
कडेच्या टिंबाजवळ माझ्या थापीची खूण होती.
धाकटी रेणू त्यावर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली
आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं,
"ओळचरंडी."
"म्हणजे काय गं?"
"गटार की, पप्पा! तुम्हीच केलंय नव्हं?"

केलंय. हजारो वेळा.
भरमाला सांगितलं तर तो बॉक्सवर बसून
खोकला येईस्तोवर हसला.
कलव्वा नाही हसली.
तिला पहिल्यापासून माहीत होतं,
आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

झाकण जरा डुलतं.
बैठक नीट घासली नाही, की ठेकेदारानं खडी कमी घातली,
देव जाणे.
रात्री टेम्पो गेला की ढब्ब.
"तुमचं झाकण वाजायलंय," बायको कूस बदलून म्हणते.
गिरणी पुन्हा चालू झालीय, तरी आवाजात थोडं पीठ कमी आहे.
मी जागाच असतो.
तीनशे दहा उरलीत. दिवसाला बावीस धरली,
तर पंधरा दिवस.
पुढचा कागद निघालाय का,
कुठल्या टेबलावर आहे,
कुठल्या भाषेत.

ढब्ब.