सतरा सेकंदं

या यंत्राला मी आयुष्यभर शिव्याच दिल्या.
रिस्तेननं, माझ्या पोरीनं, ते तासाच्या भाड्यानं ठरवलं
तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.
रेनडिअर काय पंख्यानं हाकायचे?
तरी त्या सकाळी बसलोच. गुडघे ऐकत नव्हते,
आणि फिनमार्कचं पठार तर कुणाचंच ऐकत नाही.

पट्टे आवळून दिले तोरुननं. पायलट.
माझे बूट तिच्याहून दोन वर्षांनी लहान असतील.
मागे चाह्पे, माझा कुत्रा, डोळे गच्च मिटून.
खाली कळप, सांडलेल्या कॉफीसारखा
उताराउतारानं वाट शोधत.

मग आवाज गेला.
बोलता बोलता माणूस उठून जावा, तसा गेला.
लाल दिवा. भोंगा.
तोरुनचा डावा हात खाली दाबला गेला
माझी भीती उठून बसायच्या आत.
"पडतोय," मी म्हणालो.
"उतरतोय," ती म्हणाली.

पोट गळ्याशी, आणि वर पाती फिरतच होती.
नंतर समजावलं तिनं:
खालून येणारा वारा फिरवतो त्यांना,
आपण पडतो म्हणूनच.
ती गरगर जपून आणायची खालपर्यंत
आणि जमीन हाताशी आली की
सगळीच्या सगळी एकदम खर्चायची.
उसनं कुणी देत नाही तिथं.

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.
मी आपला कान बघत होतो,
कुठल्या कानावर आमच्या घरची खूण, कुठल्यावर शेजाऱ्याची.
एक पांढरी मादी मी जूनपासून मेली असं धरून चाललो होतो.
ती होती. वासरासकट.

लाल झुडपं, दलदल, डबकं
मोठं, आणखी मोठं.
तिनं नाक वर उचललं,
मग आडवं केलं, मग उजळणी नसलेलं काहीतरी
दोन्ही हातांनी ओढलं.
धप्प.
शेवाळात घोटाभर.

पाती थकत थकत थांबली.
तेव्हा घंटा ऐकू आल्या. आणि घंटांमागून
चालत्या घोट्यांची ती बारीक कटकट,
जी या यंत्राखाली कुणी कधी ऐकली नसेल.
पळालेला कळप परतून आमच्याकडे बघत उभा होता.

तोरुनच्या हातातला कप आता हलायला लागला.
मी तिला सुकं मांस कापून दिलं, जाड.
चाह्पे ओकला.

"भाडं तासावर आहे ना," मी विचारलं,
"मग ती सतरा सेकंदं कुणाच्या खात्यात?"
ती हसली नाही.
वही काढली, पेन्सिल ओली केली जिभेवर,
आणि खरंच वजा केली.