एक शून्य कमी

बुधवारी पान सात माझ्याकडे असतं.
तळाला एक चौकट, दोन कॉलमची,
नाव 'नवे संशोधन'.
तीत मावेल तेवढं विश्व बसवायचं,
आणि साड्यांच्या सेलची जाहिरात आली
की आधी विश्व कापायचं.

हत्ती एकमेकांना नावानं हाका मारतात,
हे मी तीन ओळींत बसवलं.
लघुग्रहावरून आणलेल्या धुळीत मीठ निघालं,
ते 'थोडक्यात'मध्ये गेलं, तूरडाळीच्या भावाखाली.
आकाशगंगांमधून एक मंद आवाज सतत चालू असतो म्हणे,
त्याला मराठीत काय म्हणावं, यावर
मी आणि खेळाच्या पानावरचा वैरागडे
चहा निवेपर्यंत भांडलो.
मी म्हटलं, घरघर.
तो म्हणाला, घरघर मरणाऱ्याला लागते, गुणगुण लिही.
काऊन बे, विश्व काय मच्छर आहे?
शेवटी 'स्पंदन' छापलं.
दोघांनाही आवडलं नाही.

मग मे. पारा शेहेचाळीसवर.
खसच्या ताट्या वाळून कोळ झालेल्या,
वीज दोनदा जाऊन आलेली,
आणि बातमी अशी की
सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतला एक जंत,
सुताहून बारीक,
ऊब मिळताच हलला.
शेहेचाळीस हजार वर्षांनी.

मी घाईत चार हजार सहाशे टाकले.
एक शून्य पडलं.
टेबलाखाली गेलं असेल,
किंवा घरंगळत झिरो माइलच्या दगडापाशी,
जिथून म्हणे सगळ्या देशाची अंतरं मोजली.

सकाळी आठला फोन.
"मॅडम, मी लांजेवार बोलून राहिलो, गोधनीहून.
तुमचं एक शून्य गळालं जी."
अडतीस वर्षं मातीच्या सर्व्हेच्या हापिसात होते ते,
नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला.
"शून्य गळालं की काटोलची माती कन्हानच्या कपाटात जाते,
मंग कोणाच्या बापाले सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी शुद्धिपत्र दिलं, चार ओळी.
वरच्या मजल्यावर हिंदी आवृत्ती,
त्यांनी माझाच आकडा उचललेला.
त्यांच्या चौकटीवर मथळा होता: 'संशोधन'.
मी जिन्यात उभी राहून वाचत होते.
त्यांच्याकडे संशोधन म्हणजे चूक सुधारणं,
आमच्याकडे नवं काही हाती लागणं,
आणि मधे अठरा पायऱ्या,
पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या.

पुढच्या बुधवारी लांजेवार पुन्हा.
मी पेन घेऊनच फोन उचलला.
चूक नव्हती.
रिटायर झाले त्या दिवशी एक बाटली घरी आणली होती, म्हणाले,
बूच तडकलेलं, नमुना रद्द,
सन एकोणऐंशी, शेत कोणाचं ते पुसलेलं.
त्यातली चिमूटभर काळी माती आता बशीत घेतली आहे.
माठातलं पाणी, थेंबाथेंबानं.
नातीचा सूक्ष्मदर्शक आहे, प्लास्टिकचा,
सायन्स सेंटर पाहायला नेलं तेव्हा घेतलेला.
दुपारी ती झोपली की मिळतो.

मी विचारलं, काही हललं?

फोनमध्ये कूलरचा आवाज,
त्यांच्या की माझ्या, कळेना.
मंद, सतत.
(घरघरच लिहायला हवं होतं.)

"नाही जी," म्हणाले, "काहीच नाही.
पण पाहून राहिलो."

ही बातमी होत नाही.
काही घडलेलं नाही, आणि आज सेलही आहे.
तरी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं:
गोधनी. काळी माती. पाणी माठाचं.
हालचाल, शून्य.

हे शून्य मी दोनदा तपासलं.